मागच्या चुलीपाशची मातालेना मामी

मातालेना मामीला जाऊन आता दोन महिने होतील. पायाला जखम झाली, ती चिघळली, ताप चढला, आणि राजधानीत, ॲपियाच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. उशीर का झाला, तर तिने सांगितलंच नाही. आणि तिने सांगितलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही. असंच चालायचं तिचं.

ती गेल्याचं कळलं तसे दुसऱ्या दिवशी सवाई बेटावरून तिचे भाऊ आले, बोटीने. म्हणाले, आमची बहीण आम्ही घेऊन जातो, आमच्या मातीत ठेवतो. तिची नणंद एसेता चिडली. म्हणाली, "चाळीस वर्षं आठवली नाही तुम्हाला, आता बरी आठवली!" तर तिचा थोरला भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला तरी कुठे आठवली, ताई?"

शेवटी तिला इथेच ठेवली, नवऱ्याशेजारी. पण तो भाऊ बोलला ते काही खोटं नव्हतं. म्हणून हे सगळं सांगायचं.

मामी बाविसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या वाइतोआ गावात आली. नवरा सेमिसी, म्हणजे एसेताचा धाकटा भाऊ. हसरा माणूस होता म्हणतात. मामी त्याचं फार बोलायची नाही. एवढंच सांगायची की त्याला गरम कोको आवडायचा आणि जीभ पोळली की माझ्यावर ओरडायचा. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तो खडकापलीकडे मासे धरायला गेला. होडी परत आली, तो नाही आला. चौथ्या दिवशी सापडला. पोरबाळ काही नव्हतं.

खरं तर नवरा गेला की बाई आपल्या माहेरी परत जाते आमच्याकडे. मामीनेही गाठोडं बांधलं होतं. पण सासू अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "तू गेलीस तर मला उठवून कोण बसवेल?" मामीने गाठोडं सोडलं. अकरा वर्षं उठवलं, बसवलं, धुतलं, पुसलं. मग सासू गेली. तेव्हा मामीला जा असंही कोणी म्हटलं नाही आणि राहा असंही कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची होतीच, ती तिने पेटवली. झालं.

आमच्याकडे घरच्या लेकी पुढे आणि लग्न होऊन आलेली मागे. यात छळ वगैरे काही नसतो. तसंच असतं ते. पुढचं घर म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर, तिथे पाहुणे बसतात, बोलणी होतात, संध्याकाळची प्रार्थना होते. आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, धुराने काळं झालेलं. मामी तिथे. प्रार्थनेलाही तिथूनच मान खाली घालायची, चुलीवर काहीतरी असायचंच. पुढे कोणी गंमत केली की हसणं मागे पोचायचं, गंमत नाही पोचायची. तरी मामी हसायची. एकदा तिला विचारलं, "मामी, कशाला हसलीस गं?" तर म्हणाली, "सगळे हसले ना, मग चांगलंच असणार काहीतरी."

पाय तिचा तिशी-पस्तिशीपासूनच दुखायचा. डावा. वर्षातून दोनदा-तीनदा ताप यायचा, मांडीपासून खाली लाल रेघ उतरायची, दात वाजायचे. लाकडांच्या ढिगामागे चटई टाकून पडायची, आणि दुसऱ्या दिवशी उठून तारोचे कंद सोलायला बसायची. हळूहळू पाय भरत गेला. आधी घोटा दिसेनासा झाला, मग पिंढरी खांबासारखी झाली. तिने लुंगी खाली खाली नेसायला सुरुवात केली, पार जमिनीला टेकेपर्यंत. घरात सगळे म्हणायचे, मामीचा पाय जड आहे. जड आहे! जसा कोणाचा आवाज जड असतो तसं.

तर एका वर्षी पास्टरने चर्चमध्ये सांगितलं की शनिवारी घरोघर गोळ्या येणार. हत्तीपायाच्या. तीन जातीच्या गोळ्या एकदम घ्यायच्या, आधी दोन जातीच्या द्यायचे, आता तीन दिल्या तर जंत लवकर मरतात असं बाहेरच्या देशांत आणि आपल्याकडे तपासून बघितलंय म्हणे. गावाच्या महिला समितीच्या दोन बायका आणि एक नर्स असे येणार.

आता पाहुणे येणार म्हणजे जेवण आलं. आमच्या दारातून कोणी उपाशी जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. एसेता सकाळीच मागे आली.

"वहिनी, नुसत्या पावावर भागायचं नाही. कोंबडी करा. शहरातली नर्स आहे."

"कोणती कोंबडी धरू, वन्सं?"

"जी कमी पळेल ती. तुमचा पाय बघता दुसरी कुठली मिळणार!"

दोघी हसल्या. एसेता वाईट नाही, तोंडाने अशीच आहे.

पुढच्या घरात नर्सने सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं, गोळ्या मोजून हातावर दिल्या, समोर गिळायला लावल्या आणि प्रत्येकाच्या अंगठ्याला जांभळी शाई लावली. एसेता, तिचा नवरा, दोन मुलगे आणि मुलगी सालोमे. सालोमेची पोर लूपे तेव्हा अंगावर पीत होती, तिला नाही दिली.

"राहिलं कोणी?" नर्सने विचारलं.

"झाले सगळे," एसेता म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिने घरातली माणसं मोजली आणि झाली ती सगळी.

तेवढ्यात मामी ताटं घेऊन आली. पाहुण्यांच्या समोर ठेवली, आणि बाजूला बसून माश्या वारायला लागली, विणलेल्या पंख्याने. समितीतल्या एका बाईची नजर तिच्या हाताकडे गेली. ती म्हणाली, "हिचा अंगठा कोरा आहे की गं."

एसेता म्हणाली, "वहिनीचं नाव त्यांच्या गावच्या यादीत असेल ना. सवाईला."

मामी म्हणाली, "असेल."

तिलाही खरंच तसं वाटलं. माणूस जिथलं असतं तिथे मोजलं जातं, आणि ती सवाईची. आणि तिकडे सवाईला त्याच आठवड्यात तिच्या भावजयीने सांगितलं असणार, ती उपोलू बेटावर नवऱ्याच्या घरी असते, तिकडेच घेईल. दोन याद्यांच्या मधे समुद्र आहे, त्यात मामी पडली.

तिला गोळी हवी होती का? हवी होती. हे तिने कितीतरी वर्षांनी नर्स वालासीला सांगितलं. पंखा हलवताना ती नर्सच्या डब्याकडे बघत होती, आणि मनात म्हणत होती, कोणीतरी ये म्हणावं. म्हटलं असतं तर लगेच गेली असती. आपणहून कसं उठायचं? नर्स जेवली, कोंबडीचं कौतुक केलं, गेली. मामीने भांडी घासली.

मधली काही वर्षं अशीच गेली. मग गोळ्या पुन्हा आल्या. या वेळी मामी मागे पपईचं सार ढवळत होती. कागद घेतलेला एक जण आला, त्याने पुढूनच विचारलं, "सगळे झाले?" पुढूनच उत्तर गेलं, "सगळे."

आणि आता लूपेचं. सालोमे ऑकलंडला फळं भरायच्या कारखान्यात गेली तेव्हा पोर अकरा महिन्यांची होती. एसेताला गुडघे, चर्च, समितीच्या बैठका. पोर रडायला लागली की मागे, भूक लागली की मागे, अंघोळ मागे. चालायला शिकली तीही मागेच, मामीच्या सुजल्या पायाला धरून. मामी म्हणायची, "बघा, कोणाच्या तरी कामाला आला हा पाय."

चार-पाच वर्षांची झाल्यावर लूपे उलट्या बादलीवर बसून नारळ खवायची. अर्धं खोबरं ताटात, अर्धं पोटात. आणि तोंड अखंड चालू.

"मामी, तू पुढे का नाही बसत?"

"मग तारो कोण बघेल?"

"तारोला कुठे पाय आहेत पळायला?"

"मलाही कुठे आहेत?"

"एक आहे की! आणि एक हत्तीचा."

मामीला एवढं हसू यायचं की लाकूड फुंकता यायचं नाही. मामीच्या अंगावरून, पायावरून, डोक्यावरून चढून पलीकडे जायची ती पोर, वाट असली तरी. इतक्या वर्षांत मामीच्या अंगाला हात लावणारं कोणी नव्हतं, सासू सोडली तर. आणि ही दिवसातून पन्नास वेळा चढायची.

दुपारी तिथे डास फार. आमच्याकडचे डास दिवसाच चावतात, सावलीत. स्वयंपाकघरामागे करवंट्यांचा ढीग असायचा, मामी जाळायला साठवायची. त्यात पाणी साठायचं. हे तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. मामीच्या पायावर डास बसायचा, लूपे चापट मारायची, तो उडून लूपेच्याच दंडावर बसायचा. मग मामी चापट मारायची. खेळ होता तो त्यांचा.

लूपे सात वर्षांची झाली तेव्हा शाळेत तपासणी आली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर टाकायचा, दहा मिनिटांत एक रेघ आली तर बरं, दोन आल्या तर रक्तात जंत. मोठ्या माणसांच्या रक्तात जुनं काही असू शकतं, पण लहान पोराच्या रक्तात निघालं तर ते आत्ता कुठूनतरी आलंय, म्हणून पोरं तपासायची आणि मग पोरामागे त्याचं घर शोधायचं. आमच्या शाळेत तीन पोरं निघाली. त्यातली एक लूपे.

नर्स वालासी त्या दिवशी दुपारी घरी आली. आधीच्या नर्ससारखी नव्हती ती. जाडजूड, मोठ्या आवाजाची. एसेताने चटई टाकली आणि मागे हाक मारली, "वहिनी, जेवणाचं बघा!"

"आधी रक्त, मग जेवण," वालासी म्हणाली.

"आमच्या घरून उपाशी कोणी—"

"जेवणार हो मी! माझ्याकडे बघून वाटतं का मी जेवण सोडेन? पण आधी रक्त."

घरातल्या सगळ्यांना टोचलं. सगळ्यांची एकच रेघ. सगळ्यांनी दोन्ही खेपेला गोळ्या घेतलेल्या. एसेताने छातीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. मग म्हणाली, "मग पोरीला आलं कुठून? शाळेतूनच आलं असणार. त्या नदीकडच्या पोरांत बसते ही."

"घरात अजून कोण राहतं?"

"कोणी नाही."

वालासीने नाक वर करून वास घेतला. मग म्हणाली, "ताई, हा वास कसला येतोय?"

"तारोची पानं, नारळाच्या दुधातली."

"छान. कोण करतंय?"

"वहिनी."

"वहिनी म्हणजे कोण?"

मागे मामीला हे सगळं ऐकू येत होतं. तिच्या हातात पानांची पुरचुंडी होती. वहिनी म्हणजे कोण, असा प्रश्न आला, आणि पुढून उत्तर येईना. मामी वाट बघत राहिली. तिलाही ऐकायचं होतं. किती वेळ गेला असेल कोण जाणे, पुरचुंडीतून दूध गळून हातावर आलं. मग वालासीच्या चपलांचा आवाज मागे आला.

तिने मामीचं बोट टोचलं. पहिली रेघ आली. दहा मिनिटंही लागली नाहीत, दुसरी आली, चांगली गडद. वालासीने लुंगी थोडी वर करायला लावली आणि पाय बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "मामी, किती वर्षं?"

"वीस तरी."

"आणि गोळी एकदाही नाही?"

"माझं नाव सवाईला असेल."

"कुठेच नाही आहे तुमचं नाव. तुमच्यासारख्यांनाच शोधत फिरतोय आम्ही सध्या. ज्याने एकदाही गोळी घेतली नाही असं एक माणूस राहिलं की डासांना पुरतं ते."

मामीने बाकी काही ऐकलं की नाही देव जाणे. तिने विचारलं, "माझ्यामुळे झालं पोरीला?"

"मधे डास असतो ना, मामी. तुम्ही काय केलं त्यात?"

"डास तरी माझ्याच इथले."

वालासीने करवंट्यांचा ढीग बघितला, आणि एकेक करवंटी उपडी घालायला लागली. मामीने तिला थांबवलं, म्हणाली, "तुम्ही पाहुण्या आहात," आणि मग स्वतः सगळ्या उपड्या केल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती करवंट्या उपड्या आहेत का बघायची.

संध्याकाळी ऑकलंडहून सालोमेचा फोन आला. पुढच्या घराला भिंत नाही, त्यामुळे फोनवरचं सगळ्या गावाला ऐकू जातं. सालोमे रडत होती. "आई, तिला मागे पाठवू नकोस. अजिबात पाठवू नकोस. मामीचा पाय बघितलास ना? माझ्या पोरीचा तसा झाला तर?"

एसेता नुसती हूं हूं करत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लूपे नेहमीसारखी मागे पळत आली. एसेता ओरडेपर्यंत ती बादलीवर बसलीसुद्धा होती. मामीने बघितलं, एसेता काही मागे येऊन तिला ओढून नेणार नाही, तेवढं तिच्याने होणार नाही. म्हणजे हे आपल्यालाच करायला हवं.

"ऊठ," मामी म्हणाली. "जा पुढे."

"का?"

"खोबरं जाड पाडतेस तू. कामाची नाहीस."

"बारीक पाडते!"

"नको म्हटलं ना! ऊठ! अभ्यास कर जा. कायम इथे धुरात काय असतं तुझं?"

मामी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर ओरडली. लूपे उठली, तिने खवणी जमिनीवर टाकली आणि म्हणाली, "हत्तीण!" आणि पळाली. मामीने खवणी उचलली, धुतली, आणि उरलेला नारळ स्वतः खवला. तो जाडच पडला.

शनिवारी वालासी दोघींना गोळ्या द्यायला आली. लूपेला पुढे दिल्या, मामीला मागे. मामीने हातावरच्या गोळ्या मोजल्या, एकेक करून गिळल्या. वालासी तिच्याजवळच बसून राहिली. म्हणाली, "आज-उद्या ताप येईल, डोकं गरगरेल. जंत मरतात म्हणून होतं. घाबरायचं नाही."

"आणि पोरीला?"

"तिच्यात फार नाहीत. तिला एवढा त्रास नाही व्हायचा. आणि आठवडाभरात तुमच्या रक्तातली जंतांची सगळी पिल्लं मरतील. मग डास चावले तरी तुमच्यातून कोणाकडे काही जायचं नाही."

"म्हणजे पोर येऊ शकेल?"

"येऊ दे की. खुशाल."

"आणि पाय?"

वालासीने खाली बघितलं. "पायाचं खोटं नाही सांगत. जंत मेले तरी पाय उतरत नाही, मामी. एवढा जुना झाल्यावर नाही. पण रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपून काढायचं, खोबरेल लावायचं, उशीवर ठेवायचा. जखम होऊ द्यायची नाही. तेवढं केलं तर तो ताप यायचा थांबेल. पण वाकता येतंय का तुम्हाला? घरात कोणी धुऊन देईल का?"

"देतील," मामी म्हणाली.

तिने कोणाला विचारलंच नाही. काडीला फडकं बांधून धुवायची, जमेल तसा. बोटांच्या बेचक्यांपर्यंत ती काडी पोचायची नाही.

ताप तिला आला तो दोन दिवस राहिला. लाकडांच्या मागे पडून होती. पुढच्या घरात लूपे मोठ्याने पाढे म्हणत होती, सात साते एकोणपन्नासला येऊन अडायची. मामीला पुढचं येत होतं असं नाही. पण अडली की मामी पडल्या पडल्या श्वास धरून बसायची. छप्पन्न म्हणाली की मग सोडायची.

आठ दिवसांनी मामी पुढे गेली, खांबाच्या बाहेर उभी राहिली. "वन्सं, नर्स म्हणाल्या आता भीती नाही. पोर आली तर चालेल."

एसेता चटई विणत होती. तिने मान वर केली नाही. "वहिनी, मला कळतं. पण सालोमेला मी काय सांगू? रक्त परत तपासू दे. एकदा कागदावर येऊ दे, मग बघू."

"कधी तपासतील?"

"वर्षाने येतो म्हणाल्यात."

"बरं," मामी म्हणाली.

वर्ष म्हणजे किती असतं ते मागे बसलेल्याला जास्त कळतं. पुढे लूपेला मामेभावंडं मिळाली, शाळेतली मैत्रीण मिळाली. रविवारी पांढऱ्या कपड्यांत चर्चला जाताना ती स्वयंपाकघराच्या समोरून जायची, आधी मान वळवायची, मग वळवेनाशी झाली. रागाने नाही. पोरांचा राग कुठे टिकतो? विसरली. एसेताने तिला पाहुण्यांसमोर कसं बसायचं, कसं बोलायचं ते सगळं शिकवलं. चांगलंच शिकवलं.

बरोबर वर्षाने वालासी आली. आता त्यांनी रीतच बदलली होती. दारात आल्याबरोबर विचारायचं, "आज जेवण कोण करतंय?" आणि पहिली सुई त्या बाईला. वालासी सांगत होती, अशा कितीतरी निघाल्या गावोगाव, मामीसारख्या. कोणी चुलीपाशी, कोणी आजाऱ्याच्या उशाशी. यादी कोणीच मुद्दाम चुकवली नव्हती.

वालासीने मामीला पुढे बोलावलं. मामी आली आणि नेहमीसारखी खांबाबाहेर थांबली. एसेता उठली. म्हणाली, "वहिनी, आत या. इथे बसा." मामीला मांडी घालता येत नव्हती, आणि चारचौघांत पाय पुढे पसरून बसणं म्हणजे केवढी लाज. ती तशीच उभी. तर एसेताने स्वतः विणत असलेली चटई उचलली, मामीला धरून खाली बसवलं, आणि पसरलेल्या पायावर ती चटई अंथरली. घोट्याखालीसुद्धा नीट खोचली. ती म्हणाली, "केवढा झालाय हो हा. मला माहीतच नव्हतं."

"जड आहे नुसता," मामी म्हणाली.

पट्टीवर लूपेची एकच रेघ आली. मामीची दुसरी आली पण पुसट. वालासीने सांगितलं, पट्टी जुनं बरेच दिवस दाखवते, म्हणून तिने रक्त काचेवर घेऊन ॲपियाला पाठवलं. तीन आठवड्यांनी कागद आला. रक्तात एकही पिल्लू नाही. वालासीने तो पुढच्या घरात उभं राहून वाचून दाखवला, तिच्या त्या आवाजात, शेजारच्या दोन घरांनी ऐकला. एसेताने त्याच दुपारी सालोमेला फोन लावला, आणि फोन ठेवल्यावर लूपेला हाक मारली.

"जा गं. मामीकडे जा."

मामीने कागद ऐकल्याबरोबर पीठ भिजवलं होतं, गोड भजी तळायला, लूपेला आवडायची तशी. बादली पुसून उलटी घालून ठेवली होती. लूपे आली, शाळेच्या कपड्यांत. उंच झाली होती, पुढचे दात आले होते. दाराच्या खांबापाशी थांबली.

"येऊ का?"

"अगं, ये की!"

ती बादलीवर नाही बसली. खाली चटईवर बसली, मांडी घालून, पाठ ताठ, हात मांडीवर. पास्टरच्या समोर बसतात तशी. मामीने भजी दिली.

"आभारी आहे," लूपे म्हणाली.

"खा ना. गरम आहे, जीभ पोळेल."

"हो."

"शाळा काय म्हणते?"

"चांगली आहे."

"खोबरं खवायचंय का? मी नारळ फोडून ठेवलाय."

लूपेने नारळाकडे बघितलं, मग मामीकडे. "घरचा अभ्यास आहे," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "पण नंतर येऊ शकते."

"ये नंतर."

तेवढ्यात बाहेरून मैत्रिणीची हाक आली. लूपेने राहिलेलं भजं पटकन तोंडात टाकलं आणि उठली. बाहेर जायची वाट मामीच्या पुढून होती, मामीचा पाय पसरलेला. आधी ती त्याच पायावर चढून पलीकडे उडी मारायची. आता लूपे कमरेत वाकली, एक हात खाली धरला, आणि मोठ्या माणसांच्या पुढून जाताना म्हणतात तसं "माफ करा" म्हणत, पायाला जरासुद्धा न लागता, बाजूबाजूने निघून गेली.

मामी तशीच बसून होती. थोड्या वेळाने एसेता मागे आली, कढईत डोकावली, एक भजं उचललं.

"काय, आली होती ना पोर? बोलली का?"

"बोलली ना," मामी म्हणाली. "फार छान वळण लावलंत, वन्सं. कोणाचीही वाटावी अशी झालीय."